चौथ्या खाटेवरची ऊब

१

आईनं ‘गरम लागतंय’ अशी खूण केली, तेव्हा मावशीनं उदबत्ती अजून पेटवलीच नव्हती.

सुया टोचून झाल्या होत्या. आईच्या उजव्या गुडघ्यापासून घोट्यापर्यंत त्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीच्या टोकावर नागदवण्याच्या वाळल्या पाल्याची, करंगळीच्या पेराएवढी कांडी खोवलेली. खाली कातडीवर, निखारा पडला तर भाजू नये म्हणून, मधोमध चीर दिलेला पुठ्ठ्याचा चौकोन. कांड्या ज्या उदबत्तीनं पेटवायच्या, तिच्यासाठी मावशी लायटर शोधत होती. तो नेहमीप्रमाणे तिच्याच खिशात होता. तेवढ्यात खाटेच्या लोखंडी कडेवर नखाचा आवाज आला. टक, टक.

आईला बोलता येत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात शाबूत होता, त्या हाताच्या नखानं ती बोलायची. एकदा वाजवलं म्हणजे ठीक आहे. दोनदा म्हणजे गरम लागतंय. उजव्या पायासाठी तिनं दोनदा असं कधीच वाजवलं नव्हतं. कांड्या जळून राख व्हायच्या, सुईतून ऊब आत जायची, गुडघा लालसर व्हायचा, आणि आई छताकडे बघत एकदाच वाजवायची. ठीक आहे.

“ताई! वाजवलंस?” मावशी जवळजवळ ओरडलीच. “दोनदा वाजवलंस ना?”

टक, टक.

“ऐकलंस का, लानयी? आलं गं! पायात आलं!”

मी ऐकलं होतं. मी म्हटलं, “मावशी, पण अजून पेटवलंय कुठं?”

मावशीनं हातातल्या उदबत्तीकडे पाहिलं. उदबत्ती हिरवी, कोरी, न पेटलेली. क्षणभर तिचा चेहरा कोरा झाला, मग तिनं लायटर पेटवला.

“सुई लागल्याबरोबर काहींना ऊब येते. शरीराला सवय असते.”

“आजपर्यंत नाही आली ती.”

“तुझं कॉलेज बंद कर आणि पंखा लाव.”

मी पंखा लावला. आई छताकडे बघत नव्हती. तिनं मान उजवीकडे, भिंतीच्या बाजूला वळवली होती. एवढीच गोष्ट. संध्याकाळपर्यंत मी ती विसरलेही असते. पण बाबांना फोन करून ‘आईला पायात जाणवलं’ असं सांगताना ‘पेटवायच्या आधीच’ हे शब्द मी गिळले, आणि गिळल्यामुळे ते लक्षात राहिले.

बाबा दक्षिणेत बांधकामावर असतात. मागे काँक्रीटच्या यंत्राचा घरघराट ऐकू येत होता. मग म्हणाले, “आता थांबवू नका. मावशीला सांग, थांबवू नकोस म्हणावं.”

२

मी दचकते, हे आधीच सांगून टाकते. भाताच्या कुकरचं बटण टक करून वर उडतं, त्यालाही मी दचकते. मावशीच्या दवाखान्यात येणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे आणि सगळे त्याचा फायदा घेतात. तेव्हा मी पुढे जे सांगणार आहे, त्यातलं थोडंफार माझ्या स्वभावाच्या खाती टाकायला माझी हरकत नाही. मीही टाकूनच पाहिलं होतं.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून चार खाटा, मध्ये पडदे, वर धूर ओढणारा पंखा. उन्हाळ्याच्या ऐन शिगेचे दिवस होते. आमच्या नदीकाठी हिवाळ्यातली दुखणी या दिवसांत काढून घ्यायची पद्धत आहे, त्यामुळे सांधेवाले, कंबरवाले, खोकलेवाले सगळे सकाळीच हजर व्हायचे. मावशी सुया टोचायची, कांड्या पेटवायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. पडदे ओढायचे आणि बाहेर स्टुलावर बसून विचारत राहायचं, हे माझं काम.

विचारावं लागतं. उबेनं माणसाला झोप लागते. झोपेत कूस बदलली तर पेटती कांडी अंगावर पडते, सुई वाकते. म्हणून पडद्यामागच्या माणसाला बोलतं ठेवायचं. मी हाक द्यायची, “गरम?” आतून उत्तर यायचं, “आहे.” जास्त झालं तर म्हणायचे, “फार!” मग मी आत जाऊन आणखी एक पुठ्ठा सरकवायची.

“लानयी, तू अशी विचारतेस की मला वाटतं भात लावलाय,” पहिल्या पडद्यामागून दू काका म्हणायचे. ते पूर्वी फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचे, आता गुडघे सांभाळतात.

“भात कसला, करपलेली खरवड आहात तुम्ही,” दुसऱ्या पडद्यामागून मो काकू. त्या बाजारात टोफू विकतात. “ए पोरी, याला उलटा कर गं, एका बाजूनं झाला.”

“तुम्ही आधी गार व्हा, काकू. तुमच्या तोंडाला कांडी लावायची गरज नाही,” मी म्हणायची.

असं चालायचं. तिसरी खाट आईची. दुपारी सगळे जेवायला गेले की मावशी तिच्या सुया टोचायची. सकाळभर ती तिथंच पडून हे सगळं ऐकायची, सुया नसल्या तरी मी ओळीत तिलाही विचारायची, आणि कधीकधी तिचा डावा गाल हसायचा.

चौथी खाट, अगदी भिंतीलगतची, वापरात नव्हती. पंख्याची ओढ तिथवर पोचत नाही, धूर साचतो, आणि पावसाळ्यात नदी चढली की भिंत ओल धरते. तिच्यावर आम्ही टॉवेल ठेवायचो. गर्दीत तो ढीग बरा दिसेना म्हणून एक दिवस मी तिचाही पडदा ओढून टाकला. झाकलेल्या पडद्यामागे रोगी असतो, हे माझ्या जिभेला इतकं सवयीचं होतं की ओळीनं विचारत जाताना मी तिकडेही विचारू लागले.

“गरम?” “आहे.” “गरम?” “आहे.” “आई, गरम?” टक. “गरम?”

“टॉवेलांना विचारतेस?” दू काका म्हणाले.

“वाळलेत का, ते विचारतेय ती,” मो काकू म्हणाल्या.

आम्ही सगळे हसलो. मावशी हसली नाही. हातातली सुई तशीच धरून ती म्हणाली, “रिकाम्या खाटेला विचारायचं नाही.”

“का?”

“नाही विचारायचं. मी जिथं शिकले तिथं कुणी विचारत नसे.” मग तिला स्वतःलाच ते अपुरं वाटलं असावं. “लोकांना वाटतं, पोरीचं लक्ष नाही.”

मी दुसरं कारण खरं मानलं. ते सोयीचं होतं. पण जीभ कुठं ऐकते? पुढेही माझ्याकडून तिकडे हाक जातच राहिली. आईनं न पेटलेल्या कांडीला गरम म्हटलं ते त्यानंतर.

३

दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा दोनदा वाजवलं, आणि या वेळी कांड्या पेटलेल्या होत्या. मला बरं वाटलं. संख्याशास्त्र शिकताना एवढं डोक्यात पक्कं बसलंय की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. मी कालचं निरीक्षण चुकीचं ठरवून मोकळी झाले.

मग मी टॉवेल आणायला चौथ्या पडद्यामागे गेले.

वरचा टॉवेल उचलताना हात चादरीला लागला. चादर गरम होती. सगळी नाही. तळहाताएवढी एक जागा, तिच्या खाली आणखी एक, तिच्या खाली आणखी एक. बाकीची चादर भिंतीसारखी गार आणि दमट. मी हात मागे घेतला, आणि मग स्वतःचीच लाज वाटून परत ठेवला. अंगाखालची चादर असते तशी ती ऊब होती.

मी कारणं शोधायला लागले. ऊन? खिडकी दुसऱ्या टोकाला आहे. नुकतेच वाळवलेले टॉवेल? टॉवेल गार होते. किटली कुणी ठेवली असेल? किटली ओट्यावर होती, आणि मी तिचं झाकण उघडून आत पाणी आहे का तेही पाहिलं, जणू त्यानं काही सिद्ध होणार होतं.

खाली वाकले तर खाटेखाली पुठ्ठ्याचा एक चौकोन पडला होता. मधोमध चीर, चिरेभोवती तपकिरी डाग. वापरलेला. आमच्याकडे असे पुठ्ठे शेकड्यानं असतात, पंख्याच्या वाऱ्यानं उडतात. पण या खाटेवर पंख्याचा वारा येत नाही, असं आम्हीच सगळ्यांना सांगतो.

“मावशी, चौथ्या खाटेवर कुणी झोपलं होतं का?”

“दू काका पडले असतील लवंडून. त्यांना सांगून काही उपयोग असतो का?”

पुढच्या सकाळी मी दू काकांना विचारलं. ते म्हणाले, “त्या ओलीत? मला काय संधिवात कमी पडलाय?” मग माझा चेहरा बघून त्यांनी आवाज घोगरा केला, “गरम आहे गं, पोरी,” आणि मी हातातला, राख विझवायच्या पाण्याचा वाडगा सांडला. खोलीभर हशा. मीही हसले. राखेचं पाणी पुसताना मला एवढं कळलं की ज्याची सगळे थट्टा करतात, त्याच गोष्टीबद्दल पुन्हा विचारणं फार अवघड होऊन बसतं.

त्या दुपारी आईच्या सुया काढून झाल्यावर मी तिच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. कांड्या नुकत्याच जळून गेल्या होत्या. कातडी लाल असायला हवी होती, निदान कोमट तरी. ती गार होती. विहिरीच्या काठासारखी गार.

“आई, आत्ता गरम लागलं होतं ना तुला?”

टक, टक.

“इथं?” मी गुडघा दाबला.

ती काही वाजवेना. मी नडगी दाबली, घोटा दाबला. काही नाही. मग तिनं डावा हात उचलला. तो हात उचलायलाही तिला वेळ लागायचा. तिनं तो छातीवरून पलीकडे नेला आणि एक बोट पुढे केलं. स्वतःच्या पायाकडे नाही. चौथ्या पडद्याकडे.

४

मावशीला हे मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, कारण ती वाईट बाई नाही. तिचं लग्न झालं नाही. तिला आईनंच वाढवलं, आईनंच शिकायला पाठवलं. आईचा पाय परत आणण्याची जितकी घाई मला होती, तितकीच तिलाही होती. कदाचित जास्तच.

“झटक्यात डोकं गोंधळतं,” ती म्हणाली. “आपलं अंग कुठं संपतं हेच कळत नाही काहींना. पाय पलंगाच्या पलीकडे आहे असं वाटतं. हे पुस्तकात आहे, तू वाच.”

मी वाचलं. होतं. मला किती हायसं वाटलं काय सांगू! माणसाला भीतीचं नाव सापडलं की निम्मी भीती उतरते.

“मग आता काय करायचं?”

“बाजू बदलायची. उजवीकडे जात नाही ना? डावीकडे टोचू. चांगल्या पायात ऊब घातली की वाईट पायात उतरते. जुनी रीत आहे. सुई इकडे, काम तिकडे.”

“तिकडे म्हणजे किती तिकडे?”

“म्हणजे?”

“काही नाही.”

डाव्या पायात सुया टोचल्या. मी पडदा ओढला नाही, खाटेशेजारीच उभी राहिले. कांड्या पेटल्या, खालून लाल झाल्या. नागदवण्याचा धूर जाड असतो, पांढरा, सरळ वर जातो आणि पंख्यात शिरतो. लहानपणापासून मी तो बघत आलेय. त्या दिवशी तो थोडा वर गेला, थांबला, आणि वाकला. आईच्या अंगावरून आडवा झाला आणि चौथ्या पडद्याच्या खालच्या फटीतून पलीकडे जाऊ लागला. पाणी उताराला लागतं तसा, गाजावाजा न करता.

“मावशी, धूर बघ.”

“वारा आहे.”

“कुठला वारा?”

मी पंखा बंद केला. खिडकी लावली. खोली क्षणात भट्टी झाली, आमच्या दोघींच्या कपाळावरून घाम गळायला लागला. धूर त्याच वाटेनं जात राहिला.

“बघ!” मावशी म्हणाली. पण तिनं धुराकडे नव्हे, आईच्या उजव्या पावलाकडे बोट दाखवलं. अंगठा हलला होता. मीही पाहिलं. खाली वाकला आणि परत वर आला. गेल्या हिवाळ्यापासून मेल्यासारखा पडलेला अंगठा.

मावशी रडायला लागली. रडता रडता तिनं आईच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, “ताई, शरद ऋतू आला की नदीवर जाऊ. तू चालत येशील.”

तेवढ्यात मला करपल्याचा वास आला. डाव्या पोटरीवरचा पुठ्ठा काळा पडला होता. मी तो चिमट्यानं उचलला. खाली कातडीवर टरटरून फोड आला होता. आईचा हात खाटेच्या कडेवर निवांत पडलेला. तिनं वाजवलं नव्हतं. हा तिचा चांगला पाय होता. या पायाला माशी बसली तरी तिला कळायची.

“आई, दुखत नाहीये?”

टक. ठीक आहे.

मावशीनं मलम लावलं.

“थांबवू या,” मी म्हटलं.

“आत्ता? अंगठा हलल्यावर?”

“तिचा चांगला पाय जातोय, मावशी.”

“एका फोडानं पाय जात नाही. माझी चूक झाली, पुठ्ठा पातळ होता. थोडे दिवस राहिलेत या उन्हाचे. यात नाही आलं तर वर्षभर बसावं लागेल, आणि वर्षभर बसलेला पाय मग उठत नाही. तुला सांगतेय मी.” तिनं मलमाच्या डबीचं झाकण घट्ट लावलं, परत उघडलं, परत लावलं. “तुला वूहानला कॉलेजात परत जायची घाई झालीय. आई पडून असली काय, उठली काय.”

हे ती मुद्दाम लागावं म्हणून बोलली, आणि ते लागलं. संध्याकाळी बाबांचा फोन आला, तेव्हा त्यांना अंगठा हलल्याचं सांगितलं. फोडाचं सांगितलं नाही. त्यांनी घरी यायचं तिकीट काढतो म्हटलं.

५

त्यानंतर आईची ‘गरम’ची खूण रोज यायची. कधी सुया लावल्यावर, कधी नुसतीच, मो काकूंच्या कांड्या जळत असताना. उजवा अंगठा हलायचा, मग पाऊलही हलायला लागलं. सगळा दवाखाना खूश होता. मो काकू तिच्यासाठी आटवलेल्या दुधासारखा मऊ टोफू घेऊन आल्या. फक्त तिला भरवताना माझ्या लक्षात यायचं, डावा गाल आता हसत नाही. आणि वाजवताना नखाचा आवाज हलका झालाय, कुणीतरी दुसऱ्या खोलीत वाजवतंय असा.

टॉवेल मी तिथून हलवले नाहीत. मी त्या पडद्यामागे जाणंच सोडलं होतं. ओले टॉवेल अंगणात दोरीवरच ठेवायची आणि लागतील तसे आणायची. मावशीनं एकदाही विचारलं नाही की असं का. विचारायला हवं होतं.

आणि त्या दिवशी दुपारी, आईच्या दोन्ही पायांत सुया आणि कांड्या नुकत्याच पेटलेल्या, शेजारचा नूडलवाला मावशीकडे धावत आला.

“श्येन डॉक्टर! बायको चक्कर येऊन पडली, चुलीसमोरच!”

“हिच्यापाशी बस,” मावशी मला म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली. दारातून वळून म्हणाली, “विचारत राहा.”

दुपारची गल्ली रिकामी होती. सगळे जेवून आडवे झाले होते. दूर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालू होत्या आणि नदीवर भोंगा वाजला, तेव्हा मी दचकले. मग काहीच वाजलं नाही. मी स्टुलावर बसले. पडदा मीच ओढला होता, धूर डोळ्यांत जात होता म्हणून. खरं सांगायचं तर धूर कुठं जातोय ते मला बघायचं नव्हतं.

“आई, गरम?”

काही नाही.

झोपली असेल. झोपू द्यायचं नसतं.

“आई? गरम लागतंय का?”

टक, टक.

आवाज तिसऱ्या खाटेवरून आला नव्हता. आईच्या खाटेची कड सोलवटलेली आहे, तिचा आवाज बसका येतो. हा आवाज स्वच्छ होता. रंग न उडालेल्या लोखंडाचा.

मी उठले. मी तिकडे का गेले हे मला सांगता येत नाही. बहुधा दू काका असतील, लपून बसले असतील, मला घाबरवायला. मी हे मोठ्यानं म्हटलंसुद्धा, “दू काका, पुरे हं आता.” मी वाकून पडद्याखालून पाहिलं. खाटेचे पाय दिसले. माणसाचे नाहीत, चपलाही नाहीत.

पडदा आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट असते. मी तिला डोळा लावला.

टॉवेल खाली, पायथ्याशी सरकलेले होते, पाय लांब केल्यावर सरकतात तसे. चादरीवर पुठ्ठ्याचे चौकोन पडले होते. पडले होते म्हणणं बरोबर नाही. ते मांडलेले होते, दोन ओळींत, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आम्ही मांडतो तसे. सुया नव्हत्या. कांड्या नव्हत्या. मी बघत असताना त्यांतल्या एकाच्या चिरेभोवती तपकिरी डाग उमटला आणि सावकाश मोठा होत गेला.

आणि वरच्या बाजूला, जिथं पोट असतं तिथं, एक चौकोन एकटाच होता. तो वर येत होता, खाली जात होता. वर येत होता. खाली जात होता. गाढ झोपलेल्या माणसासारखा.

चादर सपाट होती.

६

मी आईच्या पडद्यात शिरले. ती जागी होती. डोळे उघडे, ओले, आणि माझ्यावर. ती मला बघतेय हे मी स्वतःला पुन्हापुन्हा सांगितलं. कांड्या भडक लाल होत्या, वाऱ्याशिवाय इतक्या लाल त्या कधी होत नाहीत. धूर तिच्या अंगावरून नदीसारखा वाहत पलीकडे चालला होता.

मला सुया काढायची परवानगी नाही. पण कांड्या काढता येतात. मी चिमटा घेतला आणि एकेक कांडी ओढून वाडग्यातल्या पाण्यात टाकली. प्रत्येक वेळी चर्र झालं. शेवटची टाकली आणि धूर तुटला. मी तिच्या उजव्या पायाला हात लावला, मग डाव्या. दोन्ही सारखेच गार. पोट गार. मी तिचा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, बोटं माझ्या बोटांत, नख माझ्या तळव्याखाली. तोही गार होता. आता तो कुठंच वाजणार नव्हता.

“आई.”

तिच्या छातीतून श्वास येत होता, अगदी बारीक. ओठ मिटलेले. ते हिवाळ्यापासून तसेच मिटलेले होते, एका बाजूला किंचित ओघळलेले. मी माझा कान त्यांच्यापाशी नेला.

“आई, तू इथं आहेस ना? गरम लागतंय का तुला? सांग ना.”

काही नाही. डोळे माझ्यावर. भोंगा पुन्हा वाजला आणि या वेळी मी दचकले नाही, तेव्हा मला कळलं की मी किती घाबरलेय. मी हाक मारली, स्टुलावरून मारते तशी, मोठ्यानं, चारही खाटांना ऐकू जाईल अशी. दुसरी हाक मला येतच नव्हती.

“गरम?”

तिचा हात माझ्या हातात होता. तिचे ओठ माझ्या डोळ्यांसमोर होते आणि ते हलले नाहीत.

पडद्यापलीकडून आईचाच आवाज आला. हिवाळ्याच्या आधीचा, भरलेला, स्वच्छ. मी वेळेआधीच चूल बंद केली की ती वैतागायची, तेवढाच वैतागलेला.

“लागत होतं गं आता कुठं. विझवलंस कशाला?”